औक्षणाचं ताट यंदा घरीच राहील

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब आणि शहर शांतता समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ठाण्याच्या आवारात आपली बैठक झाली, तिला आम्ही चार बायका आलो होतो. बोलावणं नव्हतं असं नाही. आदल्या दिवशी फोन आला होता, "बाई, महिला मंडळाच्या तीन-चार जणी घेऊन या, साहेबांचं औक्षण करायचंय." आम्ही ताट, निरांजन, सुपारी, अक्षता घेऊन वेळेवर हजर. औक्षण झालं, फोटो झाला. मग बेचाळीस खुर्च्यांवर बेचाळीस पुरुष बसले. डीजेचा आवाज किती, मिरवणूक कोणत्या गल्लीतून वळणार, कोणत्या चौकात किती वेळ थांबणार, यावर दीड तास खल झाला. आम्ही मागे पाण्याच्या जारपाशी उभ्या. मी हात वर केला तेव्हा एक सदस्य अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही थांबल्या तरी चालेल, गेल्या तरी चालेल."

आम्ही गेलो. ताटातलं निरांजन अजून विझलं नव्हतं, ते वाऱ्याने विझू नये म्हणून मी पदराआड धरून घरापर्यंत आणलं. एवढं करून मनात काय चाललं होतं ते इथे लिहीत नाही.

बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. तुमच्या बेचाळिसातले अकरा जण माझ्या हाताखालून गेले आहेत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. चारचौघांत कान धरायचा हक्क मला आहे असं मी समजते, आणि त्या अकरा जणांनाही तसंच वाटत असावं.

बैठकीनंतर मी दोघा-तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं, की समितीत एकही बाई का नाही? उत्तरं मिळाली ती अशी. एक, रात्री-अपरात्री बायकांना कसं बोलवायचं. दोन, बायकांसाठी महिला दक्षता समिती आहेच की. तीन, हे जरा दबक्या आवाजात, "बाई, तिथे तरण्या पोरांना आवरायचं असतं, तुमचं कोण ऐकणार?"

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर देताना मला एका बाईची आठवण झाली. तिचं नाव आपल्या गावात फारसं कुणी घेत नाही. निर्मला देशपांडे. ऑक्टोबर १९२९ मध्ये नागपुरात जन्म, साहित्यिक पु. य. देशपांडे यांची मुलगी. राज्यशास्त्रात एम. ए. करून नागपुरात प्राध्यापकी केलेली. चांगलं घर, चांगली नोकरी. १९५२ मध्ये बावीस-तेवीस वर्षांची ही पोरगी सगळं सोडून विनोबांच्या भूदान यात्रेत चालायला लागली. लग्न केलं नाही. सगळा देश तिला पुढे 'दीदी' म्हणायला लागला.

ती चालली किती? चाळीस हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर साधारण तेवढाच आहे, हे मी पोरांना पृथ्वीचा गोल फिरवून शिकवायचे. सुती साडी, खांद्याला झोळी आणि रोज नवं गाव. जमीनदाराच्या ओसरीवर बसून जमीन मागायची, तिथून उठून भूमिहीनाच्या झोपडीत जायचं. साहेब, बाईमाणसाचं कोण ऐकतं या प्रश्नाची परीक्षा तिने रोज दिली असेल. कधी पास, कधी नापास.

आपल्या खानदेशाचा आणि विनोबांचा संबंध तर जुना. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर ते बोलायचे आणि साने गुरुजी खाली बसून भराभर लिहून घ्यायचे. गुरुजी अमळनेरच्या शाळेतले मास्तर, आमच्याच जातीचे म्हणजे शिक्षकी जातीचे, म्हणून मला त्या बसून लिहून घेण्याचं फार अप्रूप. पण आत्ता मुद्दा वेगळा आहे. त्या तुरुंगात स्त्रियांनाही ऐकायला बसू दिलं होतं. इंग्रजांचा तुरुंग, बायका कैदी, तरी बसायला जागा मिळाली. आमचं ठाणं स्वतंत्र भारतातलं आहे आणि आम्ही कैदी नाही. जागा पाण्याच्या जारपाशी.

१९५७ मध्ये विनोबांनी केरळात शांतिसेना सुरू केली. त्यांचा हिशेब सरळ होता, पाच हजार लोकसंख्येमागे एक शांतिसैनिक. दंगल पेटल्यावर धावत जाणारा नव्हे. एरवी घरोघर जाणारा, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा बांधावरून वाद आहे हे माहीत असणारा, म्हणून पेटायच्या वेळी ज्याचं ऐकलं जाईल असा. आपलं गाव चाळीस हजारांचं धरलं तर आठ जण पुरतात. तुम्ही बेचाळीस आहात. सण नसताना तुमच्यातले किती जण कुणाच्या दारात जातात, हे मी विचारत नाही. माझ्या दारात तरी कुणी आलेलं नाही.

दीदी जायच्या. पंजाबात रोज माणसं मारली जात होती, बसमधून उतरवून मारली जात होती, त्या काळात त्या पंजाबात शांतियात्रा घेऊन गेल्या. काश्मीर पेटलेलं असताना, १९९४ मध्ये, तिथे गेल्या. "गोली नहीं, बोली चाहिए" ही त्यांची घोषणा. ऐकायला सोपी वाटते. पण ज्याच्या घरातला माणूस गेलाय त्याच्यासमोर बसून हे म्हणायचं, आणि ज्याच्या पोराने बंदूक उचलली त्याच्याही समोर बसून हेच म्हणायचं, तर दोन्हीकडून शिव्या मिळायची तयारी लागते.

तिकडे १९९९ मध्ये कारगिलचं युद्ध झालं. वर्षही उलटलं नव्हतं, आणि २००० च्या मार्चमध्ये भारतातल्या बायकांची एक बस लाहोरला गेली. दीदी त्या बसच्या पुढाकारात होत्या. थोड्याच दिवसांत तिकडच्या बायका इकडे आल्या. आपल्याकडे तेव्हा कुणी असं नुसतं बोललं असतं तरी चौकात पुतळा जाळला असता. मी स्वतः तेव्हा शाळेत कारगिलच्या जवानांसाठी निधी गोळा करत होते आणि ती बातमी वाचून मला राग आला होता, हेही सांगून टाकते. आता वाटतं, निधीही बरोबर होता आणि बसही बरोबर होती. दोन्ही एका वेळी डोक्यात मावायला मला वीस वर्षं लागली.

१ मे २००८ ला, महाराष्ट्र दिनीच, दिल्लीत झोपेतच त्यांचं निधन झालं. २००६ मध्ये भारत सरकारने पद्मविभूषण दिलं होतं. आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने त्यांना मरणोत्तर 'सितारा-ए-इम्तियाज' जाहीर केला. तारखा नीट बघा. मुंबईवरचा २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला होऊन नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. दोन्ही देश एकमेकांशी धड बोलत नव्हते, तेव्हा नागपूरच्या एका मराठी बाईच्या नावाने तिकडून मानाचा किताब आला.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. आणीबाणीत सर्वोदयाची, म्हणजे विनोबांच्या चळवळीची, विनोबा आणि जयप्रकाश अशी दोन शकलं झाली तेव्हा त्या विनोबांच्या बाजूला राहिल्या आणि इंदिराजींशी त्यांची जवळीक होती. जी बाई सगळ्यांशी बोला म्हणते तिने तेव्हा तुरुंगात टाकलेल्यांच्या बाजूने जोरात बोलायला हवं होतं, असं मला वाटतं. माझे वडील हयात असते तर यावर माझ्याशी तासभर भांडले असते. असो.

तर, "तुमचं कोण ऐकणार?"

दोन वर्षांपूर्वीची रात्र आठवते का साहेब? तुम्ही तेव्हा इथे नव्हता, तुमच्या आधीचे साहेब होते. पण समिती हीच होती. श्रावण होता, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचा आदला दिवस. आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी गहू घेतात ते घरातल्या पुरुषांच्या संख्येने, माणशी सव्वा मूठ. (बायकांच्या नावाची मूठ नसते. दळतो, मळतो, भाजतो आम्ही. तुमची समिती बघून मला रोटाचीच आठवण झाली, पण कानबाई निदान स्वतः तरी बाई आहे.) मी गहू निवडत बसले होते. संध्याकाळी कुणा पोराने मोबाइलवर स्टेटस ठेवलं, कुणी त्याचा फोटो काढून पुढे ढकलला, आणि नऊच्या सुमारास बाजारपेठेच्या कोपऱ्यावर दगड पडायला लागले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मनियारीण भाभी राहते. कानबाईला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नसराईला अर्ध्या गावाचे हात तिच्या पुढ्यात असतात. त्या दिवशी दुपारीच तिने माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. तिचा फोन आला, "बाई, आपका छोटा घर पे है? मेरा नहीं है." बस, एवढंच. मग मी माझ्या फोनमधल्या नंबरांवर, तिने तिच्या. प्रत्येक आईला एकच प्रश्न, तुझा घरी आहे का? ज्यांचे घरी होते त्यांनी आतून कडी लावली. ज्यांचे नव्हते त्या बाहेर पडल्या. शेजारच्या आजी ओट्यावरून मला ओरडल्या, "कोन बलाई ऱ्हायना तुले? घरमा बैस!" मी चपला घातल्या. उजव्या पायात माझी आणि डाव्या पायात सुनेची, हे कोपऱ्यावर गेल्यावर कळलं.

तिथे आम्ही तेरा-चौदा जणी झालो असू. दोन्हीकडच्या. समोर तोंडाला रुमाल बांधलेली पोरं. रुमाल बांधला म्हणून काय झालं, चौथीत तीन वर्षं बसलेलं पोरगं मी चालीवरून ओळखते. मी त्याला हजेरीत घ्यायचे तसं आडनावासकट पूर्ण नावाने हाक मारली. त्याने हातातला दगड पाठीमागे लपवला. टाकला नाही, लपवला. वर्गात चिंचा लपवायचा तसा. मग आम्ही एकेकीने एकेकाला नावाने हाका मारायला सुरुवात केली. नाव घेतलं की पोरगं एकटं पडतं. मग आईही शेजारीच उभी दिसली की ते मागे सरकतं.

सगळे नाही सरकले. एक दगड माझ्या घोट्यावर बसला, तो कुणी मारला ते मला ठाऊक आहे आणि मी कधी सांगणार नाही. कोपऱ्यावरची चहाची टपरी आम्हाला वाचवता आली नाही. ती पूर्ण जळाली, त्या माणसाने नंतर केळीच्या गाडीवर हमाली केली. म्हणून आम्ही दंगल थांबवली असा माझा दावा नाही. आमची गल्ली आणि पलीकडची गल्ली त्या रात्री एकमेकींवर गेल्या नाहीत, एवढाच दावा आहे. पोलिसांची गाडी आली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी शांतता समितीची तातडीची बैठक झाली. संचलन झालं. समितीचा सत्कारही झाला, शाल-नारळ. भाभीला आणि मला कुणी विचारलं नाही की रात्री काय घडलं, कोणत्या गल्लीत राग अजून धुमसतोय, कुणाच्या घरी पोरगं परत आलेलं नाही. शाल नको होती हो. विचारायला हवं होतं. आम्हाला माहीत होतं.

आता दुसरं उत्तर, महिला दक्षता समितीचं. ती आहे, मी तिच्यात दोन वर्षं काम केलं. नवरा मारतो, सासरचे छळतात, सून सासूला जेवायला घालत नाही, अशी प्रकरणं येतात. काम महत्त्वाचंच आहे. पण वाटणी बघा. घरातलं भांडण बायकांनी मिटवायचं, गावातलं पुरुषांनी. गावातलं भांडण सुरू कुठून होतं? पोरीकडे बघितलं, पोरगी पळून गेली, कुणी कुणाशी बोलताना दिसलं. पहिली ठिणगी बहुतेक वेळा आमच्याच घरात पडते आणि ती आम्हाला तुमच्या आधी चार दिवस दिसते.

आणि पहिलं उत्तर, रात्रीचं. बैठक रात्री आठला ठेवता, म्हणून बायका येऊ शकत नाहीत. मग बायका येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना घेत नाही. दुपारी चारला ठेवा, केळीचा माल भरून झालेला असतो, शाळा सुटायला वेळ असतो. तुम्हालाही जमेल. खरी रात्र आली तेव्हा आम्ही कुणाला विचारत बसलो नव्हतो.

पोलीस आणि माणसं एकत्र बसली तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९८४ मध्ये भिवंडीत भीषण दंगल झाली. १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, गल्लीतली साधी माणसं आणि हवालदार समोरासमोर बसवले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, शेजारची भिवंडी शांत राहिली. खोपडे साहेबही तुमच्याच खात्यातले. आणि ऑक्टोबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ मंजूर केला, की शांततेच्या वाटाघाटींत, निर्णयांत बायका असल्याच पाहिजेत. तुम्ही म्हणाल, बाईंनी डीजेच्या बैठकीत युनो आणलं. आणलं. आपल्या ग्रामपंचायतींत बायकांना निम्म्या जागा आहेत, ते तरी जवळचं आहे ना?

एक कबुली देते, म्हणजे तुम्ही नंतर तोंडावर मारायला नको. बायका जात्याच शांत असतात, मायाळू असतात, हे मी मानत नाही. आमच्या भिशीच्या ग्रुपवर त्या दोन दिवसांत काय काय फिरत होतं ते तुम्ही वाचलं असतं तर मलाच ठाण्यात बोलावलं असतं. मीही एक मेसेज खात्री न करता पुढे पाठवला होता. नंतर तो खोटा निघाला. तो पुसून टाकला, पण पाठवलेल्या सोळा जणींच्या डोक्यातून कसा पुसणार? म्हणून आम्हाला समितीत घ्या ते आमच्या चांगुलपणासाठी नको. आमच्याकडून जे बिघडतं त्याचाही जाब तिथे बसून द्यावा लागेल, यासाठी घ्या. दीदींनी शांतता म्हणजे माया असं कधी वागून दाखवलं नाही. त्या वेळापत्रक करत, गाडी पकडत, सरकारी कचेऱ्यांत खेटे घालत, नको त्या माणसाकडे तिसऱ्यांदा जात. राज्यसभेत बसल्या आणि खेड्यातल्या चुलीपाशीही. कष्टाचं काम आहे ते, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड घालण्यासारखं. रात्री पीठ भिजवा, पहाटे उठून घाटा शिजवा, उन्हात थापा, दिवसभर कावळे हाकला. एका दुपारच्या बैठकीत होत नाही.

म्हणून मागणं असं. समितीची यादी नव्याने करा आणि तीत गल्लीवार बायकांची नावं घाला. कुणाची बायको, कुणाची वहिनी म्हणून नको. मनियारीण भाभीचं नाव मी पहिलं सुचवते, तिला अर्ध्या गावाच्या मनगटांची मापं पाठ आहेत. अंगणवाडीच्या सेविका घ्या, आशाताई घ्या, त्यांना प्रत्येक उंबरा माहीत असतो. केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायकांची एक मुकादमीण आहे, तिचा शब्द तिच्या टोळीत कुणी मोडत नाही. सण नसतानाही महिन्यातून एकदा बसा. काय ठरलं ते लिहून ठाण्याच्या फलकावर लावा. लिहून घ्यायला कुणी नसेल तर मी बसते, गुरुजींसारखं भराभर जमणार नाही, पण अक्षर वाचता येईल असं आहे.

येत्या बैठकीची तारीख कळली की आम्ही येतो. पाच हजारांना एक या हिशेबाने आठ जणी. पाण्याच्या जारपाशी उभ्या राहणार नाही, तेव्हा आठ खुर्च्या जास्तीच्या मांडायला सांगा. नसतील तर तसं आधी कळवा, महिला मंडळाच्या आहेत, एका पोराकडून टेम्पोत घालून आणते. त्या रात्री ज्याने दगड पाठीमागे लपवला होता, तो हल्ली टेम्पोच चालवतो.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तापीकाठ, खानदेश